नागपूर ते चिखलदरा सायकलने: सपाटीवरच्या पायांनी घाट चढायचा कसा, आणि उतरायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३६, राहणार त्रिमूर्तीनगर, रोड बाईक घेऊन दोन वर्षं झाली. आठवड्यात तीनदा फुटाळा, अंबाझरी, वाडी असा ३०-३५ किलोमीटरचा फेरा. रविवारी कधी कोंढाळी, कधी रामटेक, म्हणजे जास्तीत जास्त १०० किलोमीटर. डिसेंबरमध्ये दोन मित्रांबरोबर सायकलने चिखलदरा गाठायचं आहे. सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या, मागे ११ ते २८ दातांची चाकं. नागपुरात घाटच नाही, मग तयारी कशी करायची, आणि एका दिवसात होईल का?

एका दिवसात करू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं सगळं नियोजन त्यावर उभं आहे. पाय चांगले असतील तर २३० किलोमीटर एका दिवसात होतातही, पण डिसेंबरमध्ये सूर्य पावणेसातला उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे घाटाच्या अलीकडच्या परतवाड्याला पोचेपर्यंत अंधार पडतो आणि घाट रात्रीच्या पोटात जातो. तो मेळघाटचा डोंगर आहे. तिथे अस्वल आहे, रानगवा आहे, बिबट्या आहे. संध्याकाळनंतर त्या घाटात सायकल घालू नये, मग दिवा कितीही लख्ख असो. परतवाड्यात मुक्काम करा आणि सकाळी ताज्या पायांनी चढा.

मी हा घाट वीसेक वर्षांत बऱ्याचदा चढलोय. पहिल्या वेळी मात्र अर्ध्यातून जीपमध्ये सायकल टाकून वर गेलो होतो. दोन्ही मांड्यांत एकाच वेळी गोळे आले आणि कठड्याला धरून मी पंधरा मिनिटं उभा होतो, बसताही येईना. त्या दिवशी मला वाटलं, आपण घाटाच्या लायकीचे नाही. नंतर वही काढून हिशेब मांडला तेव्हा कळलं की आदल्या दिवशी आम्ही चौघं एकमेकांना ओढत मोर्शीपर्यंत ताशी २८-३० ने गेलो होतो. जेवण धड नव्हतं, पाणी कमी, मीठ तर नाहीच. माझ्या मांड्या घाटात नाही, वरूडच्या आसपासच संपल्या होत्या. माझं तुम्हाला खरं सांगणं तेच आहे: चिखलदऱ्याचा चढ अवघड आहे, पण त्याची परीक्षा आदल्या दिवशीच्या सपाटीवर होते, आणि सगळ्यात मोठी चूक होते ती उतारावर. नागपूरचा माणूस चढाची तयारी करतो. उताराचा विचार तो वर पोचल्यावर करतो.

आता रस्ता. अमरावतीमार्गे जाणारा हायवे सरळ आहे: बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा. रुंद आहे, ढाबे आहेत, पण दिवसभर ट्रकचा आवाज कानात राहतो आणि अमरावती शहरातून बाहेर पडायला वेळ जातो. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही, तो विचार नकोच. माझी पसंती काटोलच्या रस्त्याला: नागपूर, काटोल, जलालखेडा, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा. सगळं मिळून साधारण २०० किलोमीटर. गोरेवाड्यापासून बाहेर पडलं की काटोलपर्यंत रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. नागपूर ३१० मीटरवर आहे, काटोल त्याहून शंभरेक मीटर उंच. हा चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना मात्र कळतो. बरेच जण इथेच ‘आज पाय का चालत नाहीत’ म्हणून घाबरतात आणि जोर लावतात. जोर लावू नका, चढ आहे म्हणून वेग कमी आहे, इतकंच.

काटोलच्या पुढे संत्र्याचा मुलूख सुरू होतो आणि मोर्शीच्याही पलीकडे राहतो. डिसेंबरमध्ये आंबिया बहाराचा माल उतरत असतो. बांधावर क्रेट रचलेले, ट्रक भरणं सुरू, हवेला सालीचा वास. शेतकऱ्याला ‘चार फळं देता का’ विचारा, पैसे घ्यायलाच तयार होत नाहीत. जलालखेड्याला वर्धा नदी लागते, आणि वरूड जवळ आलं की उजव्या हाताला, उत्तरेकडे, सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते. ती रेघ परतवाड्यापर्यंत उजवीकडेच राहते आणि तासातासाला जाड होत जाते. दिवसभर उद्याचा डोंगर नजरेसमोर ठेवून चालवणं हे या वाटेचं सुख आहे. हायवेने गेलात तर ते मिळत नाही. वाट थोडी वाकडी करायची तयारी असेल तर मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूरही पाहण्यासारखं आहे. महानुभावांचं आणि मराठी गद्याचं ते गाव. पण पहिल्या खेपेला मी म्हणेन, सरळ चला.

दिवसाचा हिशेब असा मांडा. पहाटे पाचला निघालात आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत परतवाडा धरलं, तर साडेबारा तास मिळतात. २०० किलोमीटरला ताशी १६ ची सरासरी पुरते, तीही थांबे धरून. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइडच्या, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मुदत असते, त्यावरून अंदाज घ्या. चालताना २१-२२ चा वेग ठेवलात तर साडेनऊ तास पॅडलिंग आणि तीन तास खाणंपिणं, विसावा, पंक्चर असं बसतं. २८ ने जायची गरज कुठेच नाही. तिघं आहात तर पुढच्याच्या मागे राहून वारा चुकवा, पण पुढचा माणूस दर दहा मिनिटांनी बदला आणि जो सगळ्यात हळू आहे त्याने वेग ठरवायचा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडचा असतो. जाताना तो पाठीशी असला की पाय हलके वाटतात. त्या हलकेपणावर विश्वास ठेवू नका, येताना तोच वारा तोंडावर असतो.

पंक्चरबद्दल एक बारीक गोष्ट. या रस्त्यावर पंक्चर होतात ते बहुतेक बाभळीच्या काट्याने. थांबायचं झालं तर सायकल डांबरावरून खाली कच्च्यात उतरवू नका, थांबून उचला आणि बाजूला ठेवा. काटा टायरमध्ये घुसतो तेव्हा हवा लगेच जात नाही, दहा किलोमीटरनंतर जाते, आणि तोवर तुम्हाला आठवतही नाही की आपण कुठे उतरलो होतो. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. टोक तुटून रबरात राहिलेलं असतं, ते नखाला लागतं पण डोळ्याला दिसत नाही. ते काढल्याशिवाय नवी ट्यूब घातलीत तर तीही गेली. माणशी दोन ट्यूब, पॅचचा सेट, आणि तिघांत मिळून एक चांगला पंप पुरे. संध्याकाळी चारनंतर कापसाच्या आणि संत्र्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, तेव्हा शेवटच्या दोन तासांत हेडफोन कानात नकोतच.

आता गिअर. ११-२८ वर घाट होईल, पण तुम्ही त्रासाल. आकडे मांडून दाखवतो. पुढे ३४ आणि मागे २८ असताना पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. मागे ३४ असेल तर २ मीटर १० सेंटिमीटर. उभ्या वळणावर वेग ताशी ७ वर आला की २८ वर तुमचे पाय मिनिटाला ४६ फेरे मारतात, ३४ वर ५५. फरक नऊ फेऱ्यांचा दिसतो, पण गुडघ्यावर येणारा दाब जवळपास पाचव्या हिश्श्याने उतरतो, आणि असा दाब दोन तास सोसायचा असतो. तुमचं वजन ७० किलो आणि सायकल, पाणी, सामान मिळून १५ किलो धरलं, तर ६ टक्क्यांच्या चढावर ताशी ८ ने जायला सव्वाशे वॅटच्या आसपास लागतात. तेच ताशी १० ने जायचं म्हटलं की दीडशेच्या वर. तुम्हाला सव्वाशे वॅट दोन तास काढता येतील, दीडशेहून जास्त वॅट अर्ध्या तासात दम काढतील. कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच, मोठी लावायची ती यासाठी, हळू जाण्याची मुभा मिळावी म्हणून. मजबूत पायाच्या पोरांना हे पटत नाही. ‘२८ वर चढलो’ असं सांगण्यात त्यांना मान वाटतो. गुडघे पन्नाशीपर्यंत वापरायचे आहेत, हे लक्षात ठेवा.

पण कॅसेट बदलताना दुकानात उभे राहा. मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा, पिंजरा आखूड असेल तर त्याला ३४ दातांचं चाक झेपत नाही, लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागतो, आणि चेनही लांब करावी लागते. माझ्या एका मित्राला एका दुकानाने कॅसेट बदलून दिली, चेन मात्र जुनीच ठेवली. घाटाच्या पायथ्याशी त्याने चुकून पुढे मोठी चकती आणि मागे मोठं चाक असा जोड लावला. चेन इतकी ताणली गेली की डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकला आणि डिरेलर चाकाच्या आऱ्यांत घुसला. ट्रिप तिथेच संपली, नशिबाने तो चढावर होता. तेव्हा नवी कॅसेट बसली की स्टँडवर सायकल चढवून पुढे मोठी आणि मागे मोठं हा जोड हळूच हाताने फिरवून पाहा. पिंजरा पुढे ताणलेला दिसावा, पण त्यात थोडी लवचीक जागा उरलेली असावी. प्रत्यक्ष चालवताना तो जोड वापरायचा नाही, पण चूक झाली तर सायकल मोडता कामा नये. आणि हे काम निघण्याच्या आदल्या आठवड्यात नको, महिनाभर आधी करा.

टायर २८ मिलिमीटरचे बसत असतील तर तेच घ्या. मोर्शीच्या पुढचा रस्ता आणि घाटातली डागडुजी बघता २३ चे टायर मनगट सुन्न करतात.

तयारी नागपुरात कशी करायची? लोक समजतात की सपाटीवर राहणाऱ्याला घाट जमत नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिकेची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, रॉकी पर्वत ओलांडून. आणि २०१८ मध्ये रशियातली ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम, ९,००० किलोमीटरहून जास्त. राहतात आपल्याच शहरात. सपाटीचा एक मोठा फायदा आहे जो घाटातल्या माणसाला मिळत नाही: इथे पाय थांबत नाहीत. उतार नाही म्हणून फुकटची विश्रांती नाही. तीन तास सलग पॅडल मारायची सवय नागपूरकराला आपोआप लागते, आणि घाटाला नेमकं तेच लागतं.

कमी पडतं ते दुसरंच. चढावर सायकलचं तोंड वर होतं, बसण्याचा कोन बदलतो, आणि कंबरेचा खालचा भाग सतत ओढ खातो. पाय शाबूत असतात, कंबर आधी बोलते. त्यामुळे आठवड्यातल्या तीन फेऱ्यांपैकी एक सेमिनरी हिल्सला द्या. फुटाळ्याच्या बाजूने चढायचं, वर पोचलं की वळायचं, पुन्हा चढायचं. चढ लहान आहे, पण दहा वेळा केला की कंबरेला ओळख होते. पहिले पाच बसूनच, हात हँडलच्या वरच्या सपाट भागावर, कोपरं ढिली, खांदे कानांपासून लांब. नंतरच्या पाचांत मधेमधे उभे राहा. उभं राहायच्या आधी एक गिअर जड करायचा, नाहीतर पाय रिकामे फिरतात आणि सायकल मागे झटका खाते. तुमच्या मागे मित्र असेल तर त्याच्या पुढच्या चाकावर तुमचं मागचं चाक येतं.

दुसरी फेरी वाऱ्याची. वारा तोंडावर असेल त्या दिशेला निघा, मुद्दाम जड गिअर लावा आणि मिनिटाला ५५-६० फेऱ्यांवर दहा मिनिटं बसून रेटा. पाच मिनिटं हलकं, पुन्हा दहा मिनिटं. असे चार. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला टोचलं तर लगेच थांबा, सीट थोडी खाली असण्याची शक्यता असते. तिसरी फेरी आरामात, गप्पा मारत, आणि ती खरंच आरामात करा.

रविवारची राइड दर पंधरा दिवसांनी लांबवत १५० पर्यंत न्या. १५० झाल्याशिवाय परतवाड्याची २०० अंगावर घेऊ नका. १५० होत नसतील तर वरूडला एक मुक्काम वाढवा, त्यात कमीपणा काहीही नाही.

आणि निघण्याच्या तीन आठवडे आधी एक दिवस सिलेवानीचा घाट करून या. छिंदवाड्याच्या रस्त्यावर सावनेर, सौंसर, रामाकोना, आणि मग घाट. सौंसरपर्यंत गाडीत सायकली टाकून न्या आणि तिथून चालवा. सौंसर मध्य प्रदेशात असलं तरी बाजारात मराठी ऐकू येतं, चहा-पोह्याला परकं वाटत नाही. घाट एकदा चढा, उतरा, पुन्हा चढा, पुन्हा उतरा. दुसऱ्यांदा चढणं महत्त्वाचं आहे कारण थकलेल्या अंगाने चढताना आपण काय चुका करतो ते तेव्हाच दिसतं. आणि दोनदा उतरणं त्याहून महत्त्वाचं. रस्ता छिंदवाड्याचा हायवे आहे, ट्रक असतात, म्हणून सकाळी लवकर.

आता चिखलदऱ्याचा चढ. परतवाडा साधारण ३७० मीटरवर, चिखलदरा १,११८ मीटरवर. साडेसातशे मीटर उंची आणि तीसेक किलोमीटर. भागाकार केला तर अडीच टक्के येतात आणि माणूस म्हणतो, हे काहीच नाही. तो आकडा फसवा आहे. परतवाड्याहून धामणगाव गढीपर्यंत रस्ता बागांमधून जवळपास सपाट जातो, वरच्या टोकाला मोथा गावाच्या आसपास पुन्हा पठार लागतं आणि रस्ता वरखाली होतो. बहुतेक उंची मधल्या वळणांत साठलेली आहे. वळणाची आतली बाजू तर आणखी उभी. चढताना गाडी येत नसेल तेव्हा आपल्या लेनच्या बाहेरच्या कडेने वळण घ्या, अंतर दोन मीटर वाढतं पण चढ उतरतो.

सकाळी साडेसहाला उजेड फुटायला लागला की निघा. पोटात काहीतरी असू द्या: पोहे, केळी, चहा. परतवाड्यात डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर बहिरमच्या यात्रेची वर्दळ असते. २० डिसेंबरनंतर जाणार असाल तर खोली आधी ठरवा. धामणगाव गढीला पाणी भरून घ्या. माझ्या दुसऱ्या खेपेला मी तिथल्या टपरीवर चहा न पिता उभ्यानेच बाटली भरत होतो. बाकावर बसलेले एक म्हातारे बाबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, “कायले एवढी घाई करून राहिले बाप्पा? डोंगर काई पळून नाही चालला. बसा, चहा घ्या.” बसलो. आजही तिथे बसूनच पुढे जातो, आणि पहिली वीस मिनिटं इतकी हळू चढतो की सोबतचे पुढे निघून जातात. मोथ्याच्या आधी ते भेटतात.

वेगाकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर एक गिअर हलका करा. शेवटच्या गिअरवर असाल तर थांबा, पाय खाली टेका, दोन मिनिटं. तासाला ३५० ते ४०० मीटर उंची मिळवलीत तरी दोन-सव्वादोन तासांत वर आहात, विसावे धरून तीन. दर दहा मिनिटांनी पंधरा-वीस पॅडल उभ्याने मारा, कंबर मोकळी होते. पाणी तहान लागायच्या आधी, घड्याळ बघून, दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. डिसेंबरच्या गार हवेत घाम वाळून जातो, म्हणून आपण किती गमावलं ते कळत नाही. टोपीच्या पट्टीवर पांढरी रेघ दिसली की समजायचं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, साखर आणि चांगलं चिमूटभर मीठ. या चढाला ८०० कॅलरींच्या आसपास लागतात. गूळ-शेंगदाण्याची चिक्की खिशात तोडून ठेवा, चढावर वेष्टण उघडत बसणं जमत नाही. दर अर्ध्या तासाला एक तुकडा. भूक लागली म्हणून खाल्लं तर उशीर झालेला असतो.

वर जाताजाता सागाची जागा बांबू आणि मिश्र झाडी घेते, हवा चार-पाच अंशांनी उतरते. मोथ्याला गवळी लोकांचा खवा आणि रबडी मिळते, हिवाळ्यात स्ट्रॉबेरीही. तिथे थांबलात तर बेत बिघडत नाही, पण रबडी उतरताना नको, चढून झाल्यावर खा. चिखलदऱ्यात पोचल्यावर भीमकुंड बघा. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकलं ती कीचकदरा, त्यावरून चिखलदरा, असं सांगतात. गाविलगड पायी फिरायला अर्धा दिवस लागतो. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने तो भोसल्यांकडून घेतला. नागपूरकर म्हणून त्या तटावर उभं राहिल्यावर आत काहीतरी हलतंच. शक्य असेल तर त्या रात्री वरच राहा.

आता उतार, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. ८५ किलो वजन साडेसातशे मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढीत जवळपास दोन लिटर पाणी उकळीला येईल. त्यातली काही हवा खाते, बाकीची तुमच्या ब्रेकमध्ये जाते. तुमच्या सायकलला रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर घासणारे ब्रेक, असतील तर ती उष्णता रिममध्ये, म्हणजे ट्यूबच्या शेजारी. सतत ब्रेक धरून उतरणारा माणूस स्वतःला सावध समजतो, आणि रिम तापवत असतो. सरळ भागात सायकल थोडी सुटू द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा, आणि वळणात शिरण्याआधी ब्रेक सोडा. पुन्हा सरळ, पुन्हा ठाम. मधल्या वेळात ब्रेक थंड होतो. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की चाक सरळ व्हायला बघतं आणि तुम्ही बाहेरच्या बाजूला जाता. बाहेर कठडा असतो, नाहीतर एस.टी. असते. एस.टी.ला त्या वळणांत पूर्ण रस्ता लागतो. ड्रायव्हरची त्यात चूक नाही, गाडीच तेवढी लांब आहे. म्हणून काहीही झालं तरी आपली डावी बाजू सोडायची नाही.

हात खालच्या वाकड्या भागात, म्हणजे ड्रॉप्समध्ये ठेवा. वरून ब्रेक दाबायला जोर पुरत नाही. उजवं वळण असेल तर डावा पाय खाली, त्यावर वजन. डाव्या वळणाला उजवा. नजर खड्ड्यावर नाही, जिथून वळणाबाहेर पडायचं आहे तिथे. सायकल नजरेच्या मागे जाते, हे सिलेवानीला करून पाहा, मग पटेल.

डिसेंबर-जानेवारीत सागाची पानं गळायला लागलेली असतात. थाळीएवढं पान रस्त्यावर वाळून पडतं, आणि खाली बारीक खडी दडलेली असते. आठ वर्षांपूर्वी एका डाव्या वळणावर मी अशाच पानांवरून गेलो. पुढचं चाक एका क्षणात बाजूला सरकलं, ब्रेक माझ्या हातात होता. खांदा आणि कोपर सोलवटलं, हेल्मेटला कानाच्या वर चीर गेली. मागून जीप येत नव्हती, म्हणून हे लिहितोय. तेव्हापासून पानं दिसली की वळणाच्या खूप आधी वेग चालण्याइतका करतो आणि पानांवर ब्रेकला हात लावत नाही. कठड्यांजवळ वानरं बसलेली असतात, पर्यटकांनी खाऊ घालून त्यांची भीती गेलीय, ती एकदम रस्त्यात येतात. उघड्या खिशात केळं ठेवू नका. पहाटे धुकं असेल तर ते विरेपर्यंत निघूच नका.

घामाने ओल्या अंगाने उतराल तर बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांना ब्रेक कळत नाही. कोरडा टी-शर्ट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वारा अडवणारं पातळ जाकीट सोबत घ्या. जाकीट नसेल तर छातीवर, कपड्याच्या आत, वर्तमानपत्राची दोन पानं दुमडून घाला. जुनी युक्ती आहे, अजून चालते. मध्ये दोनदा थांबा, रिमजवळ हात नेऊन उष्णता बघा, हाताला चटका बसत असेल तर पाच मिनिटं थांबा. वेग ३० च्या वर जाऊ देऊ नका, वीसेक किलोमीटरच्या उताराला पाऊण तास लागू दे.

परतीला परतवाड्याहून सायकलनेच यायचं की एस.टी.ने, हे खाली उतरल्यावर ठरवा. सायकल टपावर चढवण्याबद्दल वाहकाशी आधीच बोलून घ्या.

कॅसेटचं काम या आठवड्यात करून घ्या, नवे ब्रेक पॅडही त्याच वेळी बसवा म्हणजे सिलेवानीपर्यंत ते रुळतील. सिलेवानी झालं की दोन गोष्टी मला कळवा: दुसऱ्या चढाला कंबर दुखली का, आणि उतरताना हात कुठे होते. कंबर दुखली असेल तर हँडल थोडं उंच घेऊ, त्यासाठी स्टेमखालच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याखालच्या, दोन रिंगा पुरतात. हात वरच राहिले असतील तर निघण्याआधी अजून एकदा सिलेवानीला जाऊन या.